न मोजलेली खोली

ललितपूर, वैशाख १८

बाबुचा,

जिवंत आहोत. मां पण जिवंत आहे. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. अक्षर वेडंवाकडं आलंय, दिसतंच आहे. सगळा जन्म शाळेत पोरांच्या अक्षराला नावं ठेवण्यात गेला, आणि आता माझंच बघ.

फोन लागतो आता. मीच करत नाही. अख्खा चौक एका ताडपत्रीखाली झोपतो, एकाने कूस बदलली तरी दहा जणांना कळतं, तिथे मी तुझ्याशी काय बोलणार? आणि इतकी वर्षं बोलत नव्हते ती एकदम फोन करून रडायला लागले, तर तुलाच धडकी भरायची. म्हणून पत्र. वाच आणि जाळून टाक.

घराचा मागचा भाग गेला. पुढचा उभा आहे, लाकडाचे टेकू लावलेत. पायाखालची जमीन सरकली असं आपण उठसूट म्हणतो ना, मी तर नाही म्हणणार यापुढे. मी त्या दिवशी मांकडे आले होते. मां वर देवाच्या आगमाशेजारच्या खोलीत तांदूळ निवडत होती, मी खाली चौकात भांडी विसळत होते. हादरा थांबला तेव्हा समोर नुसती धूळ. माणूस नाही, घर नाही, देऊळ नाही. मग वरून मांचा आवाज आला. माझ्या नावाने ओरडत होती. बरं वाटलं, ओरडतेय म्हणजे आहे.

जिना अर्धा उरला होता. तिच्या खोलीचं दार चौकटीसकट दबलेलं. तिच्याकडे जायला एकच वाट राहिली होती. आगमाची भिंत पडली होती, त्यातून.

तुला काय सांगायचं? जन्मभर मी त्या दाराला पाठ करून जिना चढले. तुम्हा मुलग्यांना दीक्षा, तुम्ही आत जायचं, कुलदेवाला हात लावायचा. मी मुलगी, दुसऱ्याच्या घरी जाणार, मला ते दार बंद. दीक्षा नसलेल्याची नजर आत पडली तर वंश बुडतो, हे मी चालायला शिकायच्या आधी ऐकलं असेन. आणि त्या दिवशी मी चपला घालून त्यातून गेले. डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर खाली पडले असते.

काय पाहिलं ते लिहिणार नाही. तेवढी अक्कल आहे मला. पण बाबुचा, तुझ्या पुस्तकातलं आगमाच्या नकाशाचं ते पान मला पाठ आहे. ज्या पानापायी थोरल्या बांनी, बांच्याच भावाने, तुला भाऊबंदांच्या गुठीतून काढलं ते पान. ज्याच्यापायी बा गेले तेव्हा त्यांना खांदा द्यायला अख्खी गुठी आली आणि पोटचा पोरगा शंखमूल घाटाच्या पुलावर उभा राहून लांबून धूर बघत होता, ते पान. रागाने मी ते इतक्यांदा उघडलंय की डोळे मिटून काढून दाखवीन. खांब कुठे, कोनाडे किती, देवाची बैठक कुठल्या भिंतीला, वरून उजेड कसा येतो, सगळं.

आणि तिथे त्यातलं काहीही नव्हतं. एकसुद्धा गोष्ट नव्हती रे.

आधी वाटलं धुळीने माझे डोळे फिरले. मांला पाठीवर घेऊन त्याच वाटेने परत आले तेव्हा पुन्हा बघितलं. मुद्दाम बघितलं, पाप लागायचं ते लागो. नव्हतंच. ज्याने पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापून ठेवलंय की यातली प्रत्येक रेघ मी स्वतः टेप धरून मोजली आहे, तोच का हा? तुझे कॉलेजातले जुने विद्यार्थी मला अजून रस्त्यात थांबवून सांगतात, सर म्हणायचे मोजल्याशिवाय रेघ नाही. लहानपणी बांच्या लाकडी पट्टीने तू मांजरसुद्धा मोजलं होतंस. या गावातली पडायला आलेली घरं तू मोजलीस म्हणून तर त्यांचा हिशेब राहिला, असं तुझे वैरीही म्हणतात. त्या एका पानाने तुला बक्षीस दिलं, एडिनबराची प्राध्यापकी दिली. आणि ते पान खोटं?

आणखी एक. जमीन हलायची थांबली नव्हती, लोक मैदानाकडे पळत होते, आणि थोरले बा गुठीची चार म्हातारी माणसं घेऊन आमच्या ढिगाऱ्यावर चढले. मला वाटलं काही वाचवायला. वाचवलं काही नाही. आगमाच्या विटा, लाकडं उचलून दुसऱ्या ढिगाऱ्यात मिसळत होते, इकडच्या तिकडे, तिकडच्या इकडे. ऐंशी पार केलेला माणूस. मी खालून हाका मारतेय, थोरले बा, मरायचंय का? त्यांनी ऐकलंच नाही.

मांचं कंबरेचं हाड मोडलंय. इस्पितळाच्या अंगणात दोन रात्री काढल्या, मग डॉक्टरांनी या वयात नको म्हणून घरी पाठवलं. घरी म्हणजे ताडपत्रीखाली. ती एकच गोष्ट बोलते, आग मुलाच्या हाताने हवी. आणि गुठीचा नियम तुला सांगायला नको. तू आग दिलीस तर गुठी खांदा देणार नाही. गुठीने खांदा द्यायचा तर तू घाटावर नको. बांच्या वेळी पूर्णमान दादांनी आग दिली, पुतण्याने. मां म्हणते, पुतण्या नको आणि भाडोत्री खांदेही नकोत. दोन्ही हवंय तिला.

खरं काय ते मला कळव. लगेच.

तता


जेठ ७

बाबुचा,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, दोन ओळी. "तता, मांला जप. काय पाहिलंस ते कुणाला सांगू नकोस, मलाही नको." बस्स? एवढं शिकलास, जगभर भाषणं देतोस, आणि बहिणीला द्यायला तुझ्याकडे दोन ओळी? मी ते पत्र चाउचाउ नूडल्सच्या रिकाम्या पाकिटात कोंबून चुलीत घातलं. जाळायचं होतंच म्हणा.

पण तू नाही म्हणाला नाहीस. तुझे डोळे फिरले असतील तता, असं लिहिलं नाहीस. तिथेच मला कळलं की मी पाहिलं ते खरं.

मग मी काय केलं ते ऐक. दोन दिवस गप्प बसले. तोवर जमीन पुन्हा हादरली, ते तू बातम्यांत ऐकलं असशील, पुढच्या भागाचा एक टेकू सुटला. दोन दिवस डोक्यात एकच. माझ्या भावाने आतलं बाहेर दाखवलं नाही. म्हणजे त्याला काढलं ते फुकट काढलं. म्हणजे हे थोरल्या बांना सांगितलं की झालं. मी दीक्षेशिवाय आत गेले हे कबूल करावं लागेल, लागू दे. मी काही गुठीची नाही, मला कशातून काढणार?

थोरले बा फल्चात बसले होते. देवळापुढचा तो कट्टाच तेवढा धड उरलाय. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. मी आत गेले. मी पाहिलं. बाबुचाचं चित्र खोटं आहे. त्याने देवाची खोली दाखवलीच नाही, मनाने दुसरीच काढली. तो निर्दोष आहे, त्याला परत घ्या.

मला वाटलं चिडतील, नाहीतर रडतील. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं आणि म्हणाले, "हळू बोल."

मी म्हटलं, हळू काय बोल? ऐकलंत का मी काय म्हटलं?

"ऐकलं. पुस्तक आलं त्या दिवशीच माहीत होतं."

बाबुचा, मी खाली बसले ती बसलेच. अगं, आम्ही रोज आत जातो, म्हणाले. ज्याला दीक्षा आहे त्या प्रत्येकाला पान उघडल्याबरोबर कळलं. खोली ती नाही, बैठक ती नाही, काहीच ते नाही. तुला तरी हे आधी सुचायला हवं होतं, मास्तरीण ना तू?

खरंच की. मला का सुचलं नाही? ज्यांनी तुला शिक्षा दिली ते सगळेच रोज आत जाणारे. त्यांना खोटं कळणार नाही तर कुणाला?

मी म्हटलं, मग का काढलंत? बा गेले तेव्हा तो पुलावर उभा होता. तुम्ही पाहिलंत. सगळ्यांनी पाहिलंत.

ते हातातली काठी फिरवत म्हणाले, "चित्र खरं वाटायला हवं, तर आमचा रागही खरा दिसायला हवा होता. आम्ही गप्प बसलो असतो तर चार शहाण्यांनी लगेच ओळखलं असतं, की हे म्हातारे चिडले नाहीत म्हणजे खोली ही नव्हे. मग खरी कुठली ते शोधत पुन्हा आले असते." ढिगाऱ्यात ते विटा का मिसळत होते तेही मला तेव्हा कळलं.

आणि तुला सांगितलं होतं का, विचारलं. नाही म्हणाले. सांगायची गरजच पडली नाही. तू त्यांच्या पायावर डोकं ठेवलंस आणि वर न बघता गेलास, तेव्हाच त्यांना कळलं की तुला कळलंय. त्यांनी मनात ठरवलं होतं, चार-पाच वर्षं जाऊ द्यायची, गवगवा निवला की पोराने येऊन देवासमोर माफी मागायची, गुठीला एक भोज द्यायचं, आणि विषय संपला. दर दसऱ्याला निरोप पाठवत होते ते त्यासाठीच. "तोच आला नाही. साहेब झाला. कमरेत वाकवेना त्याला." हे बोलताना मात्र ते खरंच चिडले होते.

मीही तेच समजत होते की. दर दसऱ्याला मी हेच म्हणायचे, दोन शब्द बोलायला याच्या बापाचं काय जातं? आता मला काहीच समजत नाही. खोटं चित्र काढलंस, तेही तुझ्या त्या पहिल्या पानावरच्या फुशारकीसकट. शिक्षा निमूट घेतलीस. सुटायची वाट उघडी होती, तरी आला नाहीस. का रे? तुझ्या विद्यापीठाला कळलं तर खुर्ची जाईल म्हणून गप्प बसलास हे मी समजू शकते. पण माफी मागण्यात कसली खुर्ची जात होती?

मी माफीबिफी मागणार नाही हं तुझी. मला सांगितलं असतंस तर मी बोलले असते तुझ्याशी. तू ठरवलंस तताच्या पोटात काही राहत नाही. बघ, महिना होत आला, राहिलंय.

मांला ताप येतो.

तता


जेठ २३

बाबुचा,

मांला सगळं माहीत होतं.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं, चहा केला, परत आले. माझ्या डोक्यातच आलं नाही बघ. मां सून म्हणून या घरात आली, बांबरोबर तिलाही दीक्षा मिळाली, ती आत जात होती. दिवा तीच लावायची. मग तिला कळणार नाही होय? घरात एकटी मीच परकी. मीच मूर्खासारखी ते पान उघडून तुला शिव्या घालत होते आणि ती शेजारी बसून लसूण सोलत ऐकून घ्यायची.

मी तिला विचारलं, म्हटलं, मां, पुस्तक आलं तेव्हा तू काय केलंस? तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग तिला हसू आलं, आणि हसल्यावर कंबरेत कळ आली म्हणून कण्हली, तरी हसतच होती.

"मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. काय झ्याक खोटं काढलं होतं माझ्या पोराने. कोनाड्यात पणती ठेवायची जागासुद्धा काढली होती त्याने. अगं, अशी खोली असती तर मला रोज झाडायला किती सोपी गेली असती."

मग म्हणाली, संध्याकाळी गुठी बसली आणि तुला काढलं. त्यानंतर ती हसली नाही.

तू तसं का काढलंस तेही तिनेच सांगितलं. तुझ्या आधीच्या सगळ्या नकाशांत त्या जागी कोरा चौकोन असायचा, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की ही खोली मोजलेली नाही. त्या कोऱ्या चौकोनानेच लोकांना वेड लावलं. एका गोऱ्याने शेजारच्या गच्चीवरून येऊन आपली कौलं उचकटली आणि दोरीला कॅमेरा बांधून आत सोडला. दुसऱ्याने आपल्या पुजाऱ्याच्या मुलाला अमेरिकेचा व्हिसा देऊ केला. तुझे स्वतःचे परीक्षक म्हणाले, घराचं पोटच नाही तर पुस्तक कसलं? तेव्हा तू घरी आलास, देवासमोर बसलास, मांला म्हणालास, मां, आता कोणी येणार नाही. आणि खरंच त्यानंतर एकही माणूस आला नाही. सगळ्यांना वाटलं, मिळालं.

म्हणजे जन्मात एकदाच न मोजता रेघ ओढलीस आणि तीच जगाने डोक्यावर घेतली. दरवर्षी नव्या पोरांना पडद्यावर ते पान दाखवताना तुला काय होत असेल रे? हे मी टोमणा म्हणून विचारत नाही.

मग मी तिला विचारलं, माफी मागायला का आला नाही तो? ती म्हणाली, तुला नाही समजलं? माफी कुठे मागायची असते? आगमात, देवासमोर बसून. काय म्हणायचं असतं? आतलं मी बाहेर दाखवलं, चूक झाली, पदरात घ्या. आता त्याने आतलं बाहेर दाखवलंच नाही. "तो जगाशी खोटं बोलला ते देवासाठी बोलला. पण देवाच्या तोंडावर खोटं कसं बोलणार? ते त्याच्याच्याने व्हायचं नाही. मी त्याला ओळखते."

मी तिथून उठून हौदापाशी जाऊन बसले. मला आधी तुझा राग आला, मग थोरल्या बांचा, मग मांचा, मग राग संपलाच. दोन दीडशहाणे पुरुष, एक मला सांगत नाही, दुसरा त्याला सांगत नाही, आणि मध्ये ही म्हातारी दर दसऱ्याला वाटेकडे डोळे लावून बसते.

तसंच जाऊन थोरल्या बांना सांगितलं. ते म्हणत होते ना, साहेब झाला, वाकत नाही. म्हटलं, घ्या, यासाठी वाकला नाही. बाबुचा, तो माणूस इतका हबकलेला मी कधी पाहिला नाही. ज्या दिवशी घर पडलं त्या दिवशीही नाही. हातातला चिउऱ्याचा घास हातातच राहिला. एवढंच म्हणाले, "मला वाटलं अहंकार." पुन्हा पुन्हा तेच. मला वाटलं अहंकार.

काल ते आपणहून मांच्या खाटेपाशी आले. मला बाजूला घेऊन म्हणाले की वाट आहे. आगम तर पडलाय. देव त्यांनी कुठे नेलाय ते त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नाही. गावाला एवढंच सांगितलंय की देव लाल कापडात बांधून ठेवलाय, खोली बांधून होईपर्यंत त्याच गाठोड्याची पूजा. तर तू यावंस. चौकात, सगळ्या गुठीसमोर, त्या गाठोड्यापुढे बसून ते वाक्य म्हणावंस. गाठोडं रिकामं असेल. आत नुसत्या विटा. "रिकाम्या कापडासमोर काय बोलला त्याचं पाप नाही. लोकांनी ऐकलं की गुठीत आला. मग आग त्याची, खांदा आमचा."

मला तर पटलं. खोट्या खोलीला खोटा देव, फिटंफाट. मांला मी हे सांगितलं नाही, गाठोड्याची गोष्ट माझ्यात, त्यांच्यात आणि तुझ्यात. तिला एवढंच सांगितलं की बाबुचा येतोय. अजून तू हो म्हटलेलं नाहीस, पण मी सांगून बसलेय.

तिने विचारलं, जेवायला काय करशील? चुलीवर काय होणार, म्हटलं, तांदळाची चतांमरी करीन, त्याला आवडते. तर म्हणाली, पातळ घाल, तू नेहमी जाड घालतेस.

ये.

तता


असार १४

बाबुचा,

तू वर बसलायस आणि मी खाली चुलीपाशी, तरी पत्रच. सुतक फिटेपर्यंत तुला कोणी शिवायचं नाही, तू कोणाशी बोलायचं नाही, पांढऱ्या कापडात एकटं बसायचं, एकदा अळणी जेवायचं. मी दाराशी ताट ठेवते आणि तुझी पाठ दिसते. हे पत्र आजच्या ताटाखाली आहे. सुतक फिटेपर्यंत थांबणार होते, पण थांबवलं नाही.

मला तुला जे सांगायचंय ते मलाही काल समजलं.

मांला न्यायची तयारी चालू होती तेव्हा, तुझ्या डोक्याचं मुंडण चालू होतं. तिच्या अंगावर घालायला धड कापड सापडेना, सगळ्या पेट्या ढिगाऱ्यात. मला ते लाल कापड आठवलं. चांगलं जरीचं आहे. विटा बांधायला कशाला हवं? मी फल्चात गेले, गाठोड्याची गाठ सोडायला हात घातला, आणि थोरले बा माझ्या अंगावर धावून आले. काठी उगारली माझ्यावर. सबंध जन्मात त्यांनी माझ्यावर हात उचलला नव्हता.

मी म्हटलं, असं काय करता? विटाच आहेत ना?

त्यांनी गाठीवर हात ठेवला. मी विचारलं, थोरले बा, आत काय आहे?

"माफी देवासमोरच लागते," म्हणाले. "रिकाम्या फडक्यापुढे मागितलेली माफी मी गुठीचा वडीलधारा थकाली म्हणून कशी धरू? लोकांना मी आयुष्यभर फसवलं. त्याला कसं फसवू?" आणि गाठोड्याकडे पाहून हात जोडले.

मी म्हटलं, मला खोटं सांगितलंत. माझ्या हाताने तुम्ही त्याला खोटं लिहायला लावलंत.

"खरं लिहिलं असतंस तर तो आला असता का?"

म्हणजे जे तू तुझ्या बापासाठी केलं नाहीस, घरी परत येण्यासाठी केलं नाहीस, ते या माणसाने तुझ्याकडून फसवून करून घेतलं आणि मी त्याला मदत केली. मला वाटलं आता वर जाऊन तुझ्या पायावर डोकं आपटावं. मी रडायला लागले तर ते म्हणाले, अगं, तो फसला कुठे? तो समोर आला आणि त्याला कळलं. दीक्षा घेतलेल्याला गाठ बघून कळतं. देव आत असला की ती एका विशिष्ट तऱ्हेने बांधतात, विटांना कोणी तशी बांधत नाही. मी वेगळी बांधू शकलो असतो, म्हणाले. नाही बांधली. त्याला कळू दिलं. पुढचं त्याच्यावर सोडलं.

तेव्हा मला ते आठवलं. तू चौकात आलास तेव्हा सगळे बसलेले होते, मांची खाट पुढे आणलेली. तू हसत होतास थोडा, मला डोळ्याने खूण केलीस. गाठोड्यापर्यंत गेलास, गुडघे टेकायला वाकलास आणि मध्येच थांबलास. एवढा वेळ थांबलास की लोक कुजबुजायला लागले. मला वाटलं झालं, हा आता उठून विमानतळ गाठतो. मग तू मागे वळून माझ्याकडे आलास, तोंडावर रंग नव्हता, कमरेचा चामड्याचा पट्टा काढून माझ्या हातात दिलास. परत गेलास, कपाळ जमिनीला टेकवलंस आणि मोठ्याने, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं, ते वाक्य म्हणालास. आतलं मी बाहेर दाखवलं. चूक झाली. पदरात घ्या. एक अक्षर गाळलं नाहीस.

मला तेव्हा वाटलं, विमानातून आलाय, पोटात आवळत असेल. देवापुढे चामडं चालत नाही हे मला काय माहीत नाही? पण माझ्या डोक्यात विटा होत्या. विटांपुढे कोण पट्टा काढतं, हा प्रश्न मला पडलाच नाही.

थोरल्या बांनी तुला उठवलं, शकुनाचं अंडं, मासोळी, ऐल्या दारूचा पेला तुझ्या हातात दिला, सगळे म्हातारे रडत होते. मीही रडले. वाटलं, सुटलो.

आता शेवटचं, आणि हे तुला कळायला हवं. तू मनाशी म्हणत असशील की मी केलं ते केलं, मां तरी समाधानाने गेली, तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी तसंच ठेवू शकले असते. पण या घरात कोणी कोणाला काही सांगत नाही, त्यानेच आपण इथवर आलो.

त्या संध्याकाळी तू चौकात बसून लोकांशी बोलत होतास, मी मांला पेज भरवत होते. तिने पेज घेतली नाही. मला म्हणाली, "त्याने पट्टा काढला गं."

मी म्हटलं, हो, काढला.

"तू नीट पाहिलंस? आधी काढला नव्हता. मग काढला."

मला वाटलं तापात बरळतेय; दीक्षा तिलाही होती, गाठ तिलाही कळत होती, हे मला कुठे ठाऊक? कपाळावर ओलं फडकं ठेवलं. तिने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की वळ उठले, अजून आहेत. म्हणाली, "माझ्यापायी बोलला तो. आता मला लवकर जायला हवं. तिथे कोणीतरी खरं सांगायला हवं ना त्याच्या बाजूने."

मी म्हटलं, मां, उगाच काहीतरी बोलू नकोस, पेज घे.

तिने तोंड मिटून घेतलं. डॉक्टर म्हणाले होते, अजून एखादा महिना सहज काढेल. दुसऱ्या दिवशी तू तिला चमच्याने पाणी द्यायला गेलास तेव्हा तिने मान वळवली, आठवतं? तुला वाटलं तुझ्यावर रुसलीय. तू मला तसं म्हणालाससुद्धा. रुसली नव्हती. ती निघाली होती.

तता